हद्दीवरचा चावा

बहीण गेल्यावर शिंप्याने भाचीला घरी आणलं. तिला जन्मापासून एचआयव्ही होता; गोळ्या मात्र ती न चुकता घ्यायची.

"राहू दे," बायको म्हणाली, "पण आपल्या पोराला काही झालं तर हिची रवानगी वसतिगृहात. आधीच सांगून ठेवते."

शिंपी मुळात भित्रा, आणि घाबरला की माप घ्यायचा. त्याने टेप लावून मुलांच्या पलंगाचा मध्य काढला आणि चादरीवर खडूने सरळ रेघ मारली. इकडे तू, तिकडे तो.

एका दुपारी पोराचा पाय रेघेपलीकडे गेला.

"पाय काढ! मामांनी हद्द आखलीय."

"तुझे मामा, पण माझे बाबा आहेत!"

यावर तिने त्याच्या पायाचं बोटच मुरगळलं. तो तिच्या दंडाला कडकडून चावला. रक्त आलं.

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. पोराला बखोटीला धरून, गळ्यात टेप तशीच, त्याने दवाखाना गाठला. वाटभर तो "थुंक, थुंक" म्हणत होता आणि पोरगं मन लावून थुंकत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोराचं तोंड तपासलं, दवाखान्यातच असलेले भाचीचे कागद चाळले. "याला काही होत नाही. गोळ्यांमुळे तिच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही. एका ताटात जेवा, एका पलंगावर झोपा. दात घासायचे ब्रश वेगळे ठेवा आणि जखम झाकून ठेवा, बस्स. जखम कुणाला झालीय?"

"तिला."

"मग ती कुठाय?"

शिंप्याने उगाच मागे वळून पाहिलं. "घरी."

"वा, मास्तर! चावणारा दवाखान्यात आणि जिला चावला ती घरी? माणसाचा चावा पटकन पिकतो. आत्ता आणा तिला."

घरी भाची दंडाला रुमाल बांधून उंबऱ्यावर बसली होती. शेजारी कपड्यांची पिशवी, तिनेच भरलेली.

"मामा, त्याला माझ्यासारख्या गोळ्या देणार? फार मोठ्या असतात हो. त्याला नाही गिळता यायच्या."

"काय म्हणाल्या बाई?" दारातून बायकोने विचारलं.

"पोराला काही झालेलं नाही. होणारही नाही. अक्कल तेवढी कमी आहे, त्याला आणि मला." शिंप्याने पिशवी उचलून आत ठेवली. जन्मात पहिल्यांदा बायकोला न विचारता. "चल गं, दंड दाखवून येऊ."

बायकोने पिशवीकडे पाहिलं. मग तिने पायात चपला सरकवल्या.

"तुम्ही बसा. मीच नेते हिला. तुम्ही परत भलत्यालाच उचलून न्याल."