कुंकवाने मुका झालेला साक्षीदार

पाटावर सहा वस्तू मांडल्या होत्या. एक विळी, एक कात्री, एक पक्कड, शिवणयंत्राच्या बॉबिनांची डबी, संस्कृतीची कंपासपेटी आणि मी. प्रत्येकीवर झेंडूचे एकेक फूल होते. माझ्यावर मात्र दोन होती.

मित्रांनो, दोन फुलांचा मान मिळालेला मी एक जुना मोबाइल फोन. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला आहे. तो दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी घरातल्या हत्यारांना आणि अवजारांना विश्रांती देऊन त्यांची पूजा करतात. माझी पूजा का झाली आणि तिच्यातून केवढा घोटाळा झाला, हे सांगायचे तर मला थोडे मागे जावे लागेल.

तनुजाने मला तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून घेतले, तेव्हा ती वनस्पतिशास्त्र शिकत होती. माझ्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून ती पानांच्या पाठीवरची लव टिपायची. मैत्रिणी म्हणत, "हिच्या फोनमध्ये माणसं कमी आणि पानंच जास्त!" ते माझे कौतुकाचे दिवस होते. मग तिचे लग्न झाले आणि मी तिच्याबरोबर लोणी काळभोरला गेलो. तिथे तिच्या नवऱ्याने, रणजितने, तिला नवा चकचकीत फोन आणून दिला. मी आधी त्यांच्या लहानग्या लेकीचे, संस्कृतीचे खेळणे झालो, नंतर स्वयंपाकघराच्या खणात मेणबत्त्या आणि रबरबँडांच्या शेजारी पडून राहिलो.

हा तडा त्याच घरातला. एकदा कोणीतरी मला भिंतीवर फेकले. हात कोणाचा होता ते मी पाहिले, पण नोंदवू शकलो नाही, कारण त्याच क्षणी मी काही वेळापुरता बंद पडलो.

रणजित चारचौघांत फार गोड बोलायचा. पाहुणे आले की म्हणायचा, "तनू, तू बस, मी आणतो पाणी." पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की त्याचा आवाज बदलायचा. तनुजाने पुष्कळ सोसले. शेवटी संस्कृतीला घेऊन ती विश्रांतवाडीला, शिवणकाम करणाऱ्या आपल्या शकूआत्यांकडे आली. येताना खणातून मलाही घेतले, माझ्यातल्या पानांच्या फोटोंसाठी.

तिने घटस्फोटाचा अर्ज केला, तेव्हा रणजितचे वडील आप्पासाहेब दोन पाहुणे घेऊन बैठकीला आले. "घरातलं घरात मिटवू, सूनबाई. आमचा रणजित कधी आवाज चढवून बोललाय का?" असे त्यांनी विचारले. तनुजा काय दाखवणार होती? शब्दांचे वळ उठत नाहीत.

त्या संध्याकाळी तिने नव्या फोनमधले सिमकार्ड काढून माझ्यात घातले. नवा फोन बोलणे रेकॉर्ड करू लागला की तसे मोठ्याने जाहीर करतो. मी जुन्या घडणीचा, निमूटपणे ऐकून ठेवणारा. माझे मागासलेपण असे कामी येईल, हे मला कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

दोन दिवसांनी रणजितचा फोन आला.

"कोर्टात जायचंय ना? जा. मी पोरीला शाळेतून परस्पर उचलतो. पुन्हा तोंड दिसणार नाही तुला तिचं."

"अहो, ती घाबरेल. असं काही करू नका."

"घाबरू दे. तुझ्यामुळं घाबरली म्हणून सांगेन."

इतक्या वर्षांत मी तनुजाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो तेव्हा चढला. "तिच्या अंगाला हात लावून बघा! तुम्ही मेलात तरी सुतक पाळायची नाही मी!"

मी सगळे ऐकले. त्याचेही आणि तिचेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जया वकिलांकडे गेलो. तनुजाचा पहिला प्रश्न होता, "मी हे न सांगता रेकॉर्ड केलंय. गुन्हा तर नाही ना झाला माझ्याकडून?"

"बोलणाऱ्या दोघांतल्या एक तुम्हीच होतात. स्वतःचा कॉल होता," जयाताई म्हणाल्या. "नवरा-बायकोचं बोलणं एरवी खासगी, हे खरं. पण दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी असली, की ते पुढे ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं दोन हजार पंचवीस साली हेच सांगितलंय. मात्र उद्या त्यांच्या आणि त्यांच्या आईच्या बोलण्याला चोरून कान लावलात, तर मी तुमच्या बाजूनं उभी राहणार नाही. आणि यात काही फिरवाफिरव नाही, हे दाखवायचं ओझं आपल्यावर आहे."

शकूआत्या हळूच म्हणाल्या, "मग ते सुतकाचं तेवढं कापून टाका की. बाईच्या तोंडी बरं नाही दिसत ते."

"आत्याबाई, कात्री ब्लाउजाला चालवा. पुराव्याला नको."

तनुजाने मान खाली घातली होती. ती वर करून ती म्हणाली, "मी बोलले ते बोलले. राहू द्या." मित्रांनो, पानाचा फोटो काढताना ती किडीने खाल्लेली कडसुद्धा कधी झाकत नसे. मला तिची ती सवय आठवली.

जयाताईंनी रेकॉर्डिंगची नक्कल करून घेतली आणि संगणकावर तिचा ठसा काढला. हा ठसा म्हणजे चौसष्ट अक्षरे आणि आकड्यांची ओळ. रेकॉर्डिंगमधला एक श्वास जरी कमी केला तरी ती सगळी ओळ बदलते. नक्कल मुळाबरहुकूम असल्याच्या प्रमाणपत्रात तो ठसा लिहून कोर्टात दिला. रणजितने अपेक्षेप्रमाणे सांगितले, "हे तोडून जोडलेलं आहे." कोर्टाने हुकूम केला की मूळ फोन, म्हणजे मला, तपासणीसाठी हजर करावे. निकाल लागेपर्यंत संस्कृती कोणाजवळ राहणार, हे आता बरेचसे माझ्यावर अवलंबून होते.

आणि मध्येच खंडेनवमी आली.

तनुजा संस्कृतीला शाळेत सोडायला गेली होती. आत्यांनी मला कपाटातून काढून पाटावर ठेवले. "माझ्या पोरीची बाजू राखलीस रे बाबा," असे म्हणत त्यांनी माझ्यावर पाणी शिंपडले आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटे माझ्या खालच्या कडेला टेकवली. नेमके तिथेच माझे चार्जिंगचे भोक आहे. संध्याकाळपर्यंत बॅटरी संपली आणि मी मुका झालो.

तनुजाने वायर लावली, काढली, पुन्हा लावली. आत्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातानं झालं गं हे!" त्या पदराने मला पुसू लागल्या. तनुजा रागावली नाही. तिने आत्यांचे हात धरले आणि म्हणाली, "आत्या, आता पुसू नका. आणखी आत जाईल."

चौकातल्या दुकानदाराने मला उघडून "आतलं सगळं नवं" करून द्यायची तयारी दाखवली. तनुजा मला घेऊन तशीच परतली आणि तिने जयाताईंना फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "कोणालाही उघडू देऊ नका. झालं ते कोर्टाला जसंच्या तसं सांगायचं."

तारखेला शकूआत्या स्वतः उभ्या राहिल्या आणि पूजेची हकिगत सांगितली. रणजितचे वकील हसून म्हणाले, "म्हणजे पुरावा देवाघरी गेला म्हणायचा." काही जण हसले. आत्या मात्र कठडा धरून शेवटच्या शब्दापर्यंत बोलल्या. आपली चूक भरल्या कोर्टात सांगायला किती बळ लागत असेल!

मला प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. तिथल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि बारीक कुंचल्याने वाळलेले कुंकू कणाकणाने काढले. घाई केली नाही, कुठे खरवडले नाही. खूप वेळाने माझ्या काचेवर उजेड पसरला आणि पहिल्यांदा दिसले ते पिंपळाचे एक पान, किडीने कड खाल्लेले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिने काय सांभाळले आहे ते एकदा पाहा. तिची निगा राखा, पण प्रेमाच्या भरात तिला ओल्या हाताने शिवू नका. आणि कोणाचे बोलणे पुढे ठेवायची वेळ आलीच, तर आपले वाक्यही त्यात राहू द्या.

बाईंनी माझ्यातल्या मूळ रेकॉर्डिंगचा ठसा काढला. शेजारी प्रमाणपत्रातला ठसा ठेवला. एकेका अक्षरावर पेन्सिलीचे टोक टेकवत त्या शेवटापर्यंत गेल्या आणि अहवालात त्यांनी लिहिले: चौसष्टपैकी चौसष्ट अक्षरे सारखी.