गास्तूच्या डोळ्यांवरची टोपी

टक्.

जेवणं आटोपून सगळे पांगले होते. स्वयंपाकघरात चिडीचूप होतं. तेवढ्यात छपरावर ओकच्या झाडाचं एक टणक बोंड पडलं आणि कौलांवरून गडगडत अंगणात गेलं. आवाज तो केवढासा! पण मी खिळ्यावरच शहारले. दर शरदात माझं असंच होतं. बोंडं गळायला लागली की मला चैन पडत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. कातड्याची, तुमच्या अंगठ्यावर बसेल एवढीच. माणसांच्या टोप्या डोकं झाकतात. मी डोळे झाकते, तेही पारव्याचे.

त्याआधी मी बूट होते. ओदिल पहिलं पाऊल टाकायला लागली तेव्हाच्या तिच्या इवल्या बुटातली, नाडीखालची मऊ पट्टी. बूट लहान झाले तरी मायलिसनं, म्हणजे तिच्या आईनं, ते फेकले नाहीत. कपाटाच्या तळाशी मी किती वर्षं सुखानं झोपून होते.

ज्या साली मी टोपी झाले, त्या साली रानात बोंडांचा नुसता सडा पडला होता. ओदिलच्या आजोबांना, रानपारव्यांच्या जुन्या शिकाऱ्याला, घरात सगळेच पेपे म्हणत. पेपे रोज रानात जाऊन यायचे आणि हात चोळत बसायचे. आधीची तीन-चार वर्षं ओकना बोंडंच धरली नव्हती. उत्तरेकडून येणारे रानपारव्यांचे थवे न थांबता डोंगरापलीकडे निघून जायचे. आता ते खात्रीनं उतरणार होते. पण त्यांना खाली बोलावणारे पेपेंचे पाळलेले पारवे उन्हाळ्यात कोल्ह्यानं पिंजऱ्यात शिरून मारले होते. आणि पेपेंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुढच्या शरदात नेम धरता येईल की नाही, हे ते कुणाला सांगत नव्हते. सगळ्यांना ठाऊक मात्र होतं.

घरात पारवा उरला होता एकच, गास्तू. त्यानंतर एका वादळात घरट्यातून पडलेलं, डोळेही न उघडलेलं ते पिल्लू ओदिलनं भिजवलेला पाव भरवून वाढवलं होतं. तो तिच्या खांद्यावर बसायचा, तिचे केस ओढायचा.

शेजारचे फेर्नां पेपेंना चिडवायचे, "तो काय पारव्यांना बोलावणार? पाव मागत बसेल झाडावर."

पेपे हसले नाहीत. त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि शब्द दिला, की गास्तूच्या पिसालाही धक्का लागणार नाही. डोळे झाकले की तो बुजणार नाही, फक्त झाडावर बसून राहील, संध्याकाळी घरी येईल. ओदिलनं आईकडे पाहिलं. मायलिसनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, पाळण्यातलं धाकटं बाळ निजलं तेवढ्या वेळात, तिनं कपाटातून बूट काढला. मला कापून घडी घातली, बारीक टाके घातले. हनुवटीखाली बांधायला लोकरीची नाडी लावली. बाळ चुळबुळलं की ती एका पायानं पाळणा हलवायची, सुई चालूच. इतक्या मायेनं मला आधी कुणी हात लावला नव्हता. शिवून झाल्यावर तिनं आतली बाजू आपल्या गालाला लावून पाहिली, कुठे टोचत नाही ना म्हणून.

नाही टोचले मी. पण गास्तूच्या डोक्यावर बसले, आणि त्याच्या पापण्या माझ्याखाली फडफडत राहिल्या. दिवसभर.

ओकच्या रानात जमिनीत खणलेली, नेच्यांनी झाकलेली झोपडी होती. उंच शेंड्याशी एक हलती फळी, तिची दोरी खाली झोपडीत. गास्तूला फळीवर बांधलं. दोरी ओढली की फळी कलायची आणि तोल सावरायला तो पंख पसरायचा. वरून जाणाऱ्यांना वाटावं, आपलं कुणीतरी इथं निवांत बसलंय, खायला भरपूर आहे, भ्यायचं काही नाही.

मित्रांनो, माझी आतली बाजू अंधाराची आणि बाहेरची उजेडाची. त्याला फक्त वारा कळत होता. मला आकाश दिसत होतं.

थवा आला तो निळसर धुरासारखा. गास्तूनं पंख पसरले. थवा वळला, पुन्हा वळला, आणि अख्खं झाड पंखांनी भरून गेलं. ते बोंडं ओरबाडून अख्खीच गिळत होते, गळे फुगेस्तोवर. पंखांचा आवाज ऐकून गास्तू घुमायला लागला. जन्मात त्यानं आपल्या जातीचा दुसरा पक्षी पाहिला नव्हता. आताही पाहत नव्हताच. पण अंग असं थरथरत होतं, की माझे टाके ताणले गेले.

त्याच वेळी मायलिस आणि ओदिल रस्सा घेऊन येत होत्या. तिथली रीत अशी, की वाटेच्या वळणावर थांबून शीळ घालायची आणि झोपडीतून उलट शीळ येईपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. त्यांची शीळ मी ऐकली. झोपडीतून उत्तर गेलं नाही. खाली पेपे आणि फेर्नां एका दमात कुजबुजले, "एक... दोन..."

बंदुका एकदम वाजल्या.

वळणावरून ओदिल धावत सुटली, आईचा हात सोडवून, गास्तूच्या नावानं रडत. पण पेपेंनी त्याला दोरीनं खाली घेतलं होतं. छातीशी धरून ते म्हणाले, "बघ गं, एक पीस तरी हललंय का? शब्द दिला होता ना तुला?"

खरंच हललं नव्हतं. किती आनंदले होते ते! डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या.

मित्रांनो, त्या दिवसानंतर मी कुणाच्याही डोक्यावर बसले नाही. अधूनमधून कुणीतरी येतं, मला उलटसुलट करतं, म्हणतं, कातडं अजून चांगलं आहे, तेल लावलं तर चालेल. वस्तूंची निगा राखावी हे खरं. पण माझी तेवढी राखू नका. टाके उसवलेत ते तसेच राहू द्या. बूट म्हणून मी एका लेकराला चालायला शिकवलं, तेवढं आठवणीत ठेवलंत तरी पुरे.

त्या संध्याकाळी याच टेबलावर मायलिस पारवे सोलत होती. एकाचा गळा कापला, तर आतली बोंडं लाकडावर सांडली. टक्, टक्, टक्. अख्खी, हिरवीगार, ओली. खुर्चीच्या पाठीवर गास्तू बसला होता, मान वेळावत. घाईत माझी नाडी सोडायचीच राहून गेली होती. मायलिसनं हात पुसले आणि नाडीला बोट घातलं.

ओदिलनं तिचं मनगट धरलं.

"थांब आई, इतक्यात नको काढूस," ती म्हणाली. "टोपी काढली की तो बघेल. 'मी बोलावलेले सगळे कुठे गेले?' असं त्यानं विचारलं, तर आपण त्याला काय सांगायचं?"