टेकडीवरची गिनती

पंजाबराव वस्तादांना अर्धांगवायूचा झटका आला तो एकोणीसशे एकोणसाठच्या पौषात. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटत चालू लागला, आणि शब्द गेले. अमरावतीत तीस वर्षं त्यांनी आखाडा चालवला होता. त्यांनी आवाज दिला की दोन गल्ल्या पलीकडची माणसं दचकायची. आता ते खाटेवर पडून भिंतीवर सरकणारं ऊन बघत राहायचे.

दिवस पाण्याखाली गेल्यासारखे झाले होते. पार्बताबाई, त्यांची बायको, उशाशी बसून बोलायची आणि तो आवाज त्यांना तलावाच्या पलीकडच्या काठावरून आल्यासारखा वाटायचा. डोक्यात सगळं असायचं. भाकर, खिडकी, तिचं नाव. ते नाव जिभेकडे निघायचं आणि वाटेतच धुक्यात मिसळून जायचं. मग ते डोळे मिटून घ्यायचे.

फाल्गुनात एके सकाळी पार्बताबाई त्यांच्या हाताला तिळाचं तेल चोळत होती. हात वर उचलताना ती सहज म्हणाली, "एक."

"दोन," वस्ताद म्हणाले. "तीन. चार. पाच."

ती तेलाची वाटी हातात धरून तशीच बसली. मग तिनं पुन्हा हात उचलला आणि पुन्हा आकडे आले, स्वच्छ, ओळीनं. डॉक्टर म्हणाले, काही काही माणसांचं असं होतं. बाकी सगळं जातं आणि पाठ झालेलं तेवढं राहतं.

चैत्रात देवमन दारात आला. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहणारा, कलेक्टर कचेरीत कारकून. वय तिशीच्या आतलं, अंगावर धुतलेला पांढरा सदरा.

"बाई, आखाड्यातल्या कुदळी-फावडी पडून हायेत म्हणतात," तो म्हणाला. "आमी काही जण वडाळीच्या वाटेवरच्या टेकडीवर जाऊन राहिलो. पहाटे आधी बारा नमस्कार, मंग खड्डे खंदणं. पावसाळ्यात झाडं लावतो. अवजारं कमी पडतात."

"कोण कोण हाये?"

"दोन मास्तर, एक टेलर, आमच्या वस्तीतले पाच-सहा जण. टेकडी उजाड हाये नं बाई. एक झाड नाई."

पार्बताबाईनं कोनाड्यातली आखाड्याची किल्ली काढून दिली. आतल्या खाटेवरून वस्ताद बघत होते. हा चेहरा त्यांनी ओळखला होता. बारा वर्षांपूर्वी एक उंच तरुण आखाड्याच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. मले शिकवा, म्हणाला होता. वस्ताद त्याला म्हणाले होते, उद्या ये. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. दर वेळी वस्ताद म्हणाले, उद्या ये. मग तो आला नाही. तो का आला नाही हे मोहल्ल्यात कोणाला विचारायची गरज पडली नव्हती. तेव्हा तो महार वस्तीतला पोरगा होता. आता त्याच्या घराच्या दारावर बुद्धाची तसबीर होती.

वस्ताद उठून बसले. काहीतरी म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं. ओठ हलले.

"चार," ते म्हणाले. "पाच. सहा."

देवमन थबकला. पार्बताबाईनं पदरानं डोळे पुसत त्याला आकड्यांची गोष्ट सांगितली. तो किल्ली हातात फिरवत उभा राहिला. मग खाटेजवळ आला.

"वस्ताद, टेकडीवर येता काय? आमच्यात कोणाचा हात कोठी, कोणाचा पाय कोठी. गिनती करायले माणूस पाह्यजे."

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. मग डाव्या हातानं खाटेखालची वहाण ओढली.

दुसऱ्या दिवशीपासून देवमन पहाटे सायकल घेऊन यायचा. वस्तादांना मागच्या कॅरिअरवर बसवायचा आणि स्वतः हँडल धरून पायी चालायचा. शहर अजून उठलेलं नसायचं. विटांच्या भिंती, बंद दारं, कुठे एखादी चूल पेटलेली, आणि सगळ्यावर निळसर उजेड. वस्तादांना वाटायचं की आपण हललोच नाही, घरंच हळूहळू मागं वाहून चालली आहेत.

टेकडी खरंच बोडकी होती. मुरूम, वाळलेलं गवत आणि दगड. वस्ताद एका सपाट दगडावर बसायचे. समोर दहा-बारा माणसं ओळीत उभी राहायची. सूर्य डोंगराच्या पलीकडे असायचा आणि वस्तादांचा आवाज निघायचा, जुना, भरदार. एक. दोन. तीन. माणसं वाकायची, पसरायची, उठायची. मग त्याच गिनतीवर कुदळी उचलल्या जायच्या. एकवर वर, दोनवर खाली. लांबून बघणाऱ्याला ती कवायत वाटली असती, नाहीतर एखादा सावकाश नाच. टेलर म्हणायचा, गिनतीवर खंदलं की हात दुखत नाई.

वैशाखात दोनशे खड्डे झाले. आषाढात कडुनिंब, करंज आणि शिरीष लागले. आणि कार्तिकात पाऊस संपला तेव्हा पाण्याचा प्रश्न आला.

पायथ्याशी डोमाजीचा संत्र्याचा बगिचा होता, त्याच्या विहिरीला बारमाही पाणी. डोमाजी माळी हा वस्तादांचा जुना पठ्ठ्या. त्यानं पाणी द्यायला आनंदानं होकार दिला. घागरी खांद्यावरून वर न्यायच्या, तोच व्यायाम. पहिल्या दिवशी बगिच्यावर इतकं धुकं होतं की संत्री दिव्यांसारखी मध्येच लटकलेली दिसत होती. वस्तादांना विहिरीजवळच्या ओट्यावर बसवलं होतं.

देवमन दोराकडे गेला तसा डोमाजी पुढं आला. आवाज खाली आणून म्हणाला, "तू खाली उभा राह्य देवमन. बाकीचे शेंदून देतीन. घरात म्हातारी हाये माही. तिले नाई चालत."

देवमननं आणि त्याच्या वस्तीतल्या माणसांनी घागरी जमिनीवर ठेवल्या. मास्तर एकमेकांकडे बघू लागले. एकानं घाईघाईनं दोर हातात घेतला आणि वस्तादांकडे वळून म्हणाला, "हं वस्ताद, करा सुरू."

वस्ताद गप्प राहिले.

"वस्ताद, गिनती."

ते गप्पच. पहिल्यांदा कोणाला वाटलं की पुन्हा झटका आला की काय. टेलर जवळ धावला. पण वस्तादांचे डोळे जागे होते आणि डोमाजीवर रोखलेले होते. धुकं हलत होतं, कुठेतरी पाण्यात थेंब पडल्याचा आवाज येत होता, आणि सगळे उभे होते. मग त्यांचा डावा हात सावकाश उठला. बोट विहिरीकडे गेलं, दोराकडे गेलं, आणि देवमनवर येऊन थांबलं. तसंच थांबलं. त्यांनी हात खाली घेतला नाही.

पंधरा वर्षं डोमाजीनं या माणसाच्या हाताखाली माती अंगाला लावली होती.

"वस्ताद, म्हातारीले काय सांगू मी?" तो म्हणाला.

हात तसाच.

डोमाजीनं मास्तरच्या हातातून दोर घेतला. थोडा वेळ तो स्वतःच धरून ठेवला, जणू तो कुठं ठेवायचा हे सुचत नव्हतं. मग देवमनपुढं केला आणि तोंड फिरवून बगिच्यात निघून गेला.

देवमननं घागर सोडली. भरली, ओढली. काठावर टेकवली आणि एका झटक्यात खांद्यावर घ्यायला कमरेतून वाकला, घाईनं, चुकीचा.

"पाठ!" वस्ताद ओरडले.

सगळे दचकले. वस्तादही दचकले. झटक्यानंतर दहा महिन्यांनी तोंडातून निघालेला, आकडा नसलेला तो पहिला शब्द होता.

"पाठ," ते पुन्हा म्हणाले, आणि डावा तळहात उभा धरून दाखवला: सरळ.

देवमननं घागर खाली ठेवली. गुडघे वाकवले, पाठ सरळ केली आणि घागर पुन्हा उचलली. या वेळी ती अलगद खांद्यावर बसली. तो तिथंच उभा राहिला. खांद्यावरून पाणी ओघळून त्याचा सदरा भिजत होता.

"अशी काय, वस्ताद?"

वस्तादांनी मान हलवली. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग त्यांनी गिनती सुरू केली.

डोमाजी आठ दिवस कोणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी स्वतः घागर घेऊन रांगेत आला. म्हातारी मात्र कधी राजी झाली नाही. ती घरात वेगळं पाणी भरून ठेवू लागली.

पुढच्या साली पार्बताबाई टेकडीवर येऊ लागली, तिच्यामागून गल्लीतल्या चार बायका. नऊवारीचा काष्टा आवळून त्या झाडांभोवती पाण्यासाठी आळी करायच्या. वस्तादांचे शब्द परत आले ते असेच तुटक, बहुतेक ओरडायचे: गुडघा, श्वास, हळू. लांब वाक्य त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. उजवा हातही खांद्याच्या वर गेला नाही. दोनशेतली एकशे तीस झाडं जगली.

एकोणीसशे त्रेसष्टमध्ये देवमनची बदली अकोल्याला झाली. दिवाळीनंतर वस्ताद पार्बताबाईला घेऊन एसटीनं त्याच्याकडे गेले. सकाळी देवमन त्यांना मोर्णा नदीच्या काठावर घेऊन गेला. तिथं वस्तीतल्या बाया-माणसांनी घाण उपसून पट्टा साफ केला होता आणि आता कवायत करून नवे खड्डे घेत होते. नदीवर धूर तरंगत होता. वस्तादांना कोणी गिनती मागितली नाही, इथं एक धिप्पाड बाई ती करत होती, खणखणीत. वस्ताद थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग काठाकाठानं पुढं निघाले. देवमनची बायको सत्यवती त्यांच्यासोबत चालली.

एका झुडपापाशी ते थांबले आणि तिच्याकडे बघितलं.

"हे? रुई," ती म्हणाली.

"रुई," वस्ताद म्हणाले.

पुढं पिवळी फुलं होती.

"तरोटा."

त्यांनी ओठ जुळवले. शब्द आला नाही. ते हसले, तीही हसली, आणि ती पुन्हा सांगायला थांबली. उन्हाचा पहिला कवडसा पलीकडच्या काठावर उतरला होता. वस्तादांनी काठी टेकली आणि पुढच्या झाडाकडे पाऊल टाकलं.