सहापर्यंतची सवलत

बातमी आली तेव्हा मी मामांच्या मांडीवर पालथा पडलो होतो. मंगळवार होता, हॉल रिकामा होता आणि माझा सेल बदलायचा होता. फोन वाजला. मामांनी "कधी?" एवढंच विचारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा कामावर जाताना रस्त्यात कोसळला होता. मामांनी मला तसंच खुर्चीवर ठेवलं आणि गेले. पाच दिवस मी साडेदहावर थांबून होतो.

मी या भाड्याने मिळणाऱ्या हॉलमधलं घड्याळ. मोठा, गोल, शेवटच्या रांगेतूनही दिसेन असा. माझ्याबरोबर बनलेल्यांपैकी कुणी शाळेत गेला, कुणी दवाखान्यात. मी इथे आलो. मामा या हॉलचे रखवालदार. झाडणं, खुर्च्या लावणं, चहा करणं, सगळं तेच बघतात.

महिन्यातून एकदा इथे शिबिर भरतं. घर-जमिनीत पैसे गुंतवून श्रीमंत कसं व्हायचं, याचं. प्रवेश फुकट. त्या सकाळी आयोजकांची बाई सगळ्यात आधी माझ्याकडे बोट दाखवते.

"मामा, हे तेवढं उतरवा. लोकांनी स्वप्नं बघायची, वेळ कशाला?"

मामा हसतात, शिडी लावतात आणि मला पडद्यामागे, चहाच्या टेबलाखाली ठेवतात. याचे त्यांना थोडे वरचे पैसे मिळतात. त्यात काही वाईट आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. घड्याळच तर काढायचं.

पण टेबलाखालूनही मला ऐकू येतं, पडद्याच्या फटीतून दिसतं आणि वेळ तर माझ्या अंगातच आहे. अकरा वीसला शिबिर घेणारे सर सांगू लागतात, की ते एकेकाळी एका खोलीत सहा माणसांबरोबर राहत. अकरा चाळीसला त्यांचा गळा दाटून येतो. दर महिन्याला, अकरा चाळीसलाच. एकदा पंचेचाळीस झाले, तेव्हा मला वाटलं, हा माणूस खरंच रडतोय की काय! चौकशीअंती कळलं, माईक बिघडला होता.

चारला किंमत सांगतात. उद्यापासून तीन दिवसांचा खास वर्ग, किंमत एखाद्या घराचा वर्षाचा खर्च भागेल इतकी. "पण आज सहापर्यंत निम्म्यात!" ज्या खोलीतून घड्याळ काढून टाकलं, त्या खोलीत सहाची मुदत! चार दहाला निळ्या स्वेटरची बाई सही करायला धावत सुटते. तिच्यामागे इतर उठतात. ही बाई आजवर नऊ वेळा धावली आहे. मामा तिला न विचारता बिनसाखरेचा चहा देतात, इतकी जुनी ओळख.

नवरा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मामांची बहीण त्या शिबिराला आली. चहाच्या सुट्टीत तिने पडद्याआड डोकं घातलं.

"दादा, बघ, आले की नाही!"

मामांच्या हातातली किटली तशीच राहिली. "तू? तुला कुणी सांगितलं?"

"पत्रक आलं होतं. मी येणारच नव्हते. पण खाली तुझ्या हॉलचा पत्ता बघितला. म्हटलं, दादा असतो तिथली माणसं फसवी कशी असतील?" मग तिने आवाज उतरवला. "ह्यांचे विम्याचे पैसे नुसते पडून आहेत रे. पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून."

"अगं, पण जरा..."

"मामा, चहा!" आयोजकांची बाई मागे उभी होती. "आणि आमच्या पाहुण्यांना बोलण्यात अडकवू नका हं. तुमच्या मालकांकडे आमचं वर्षभराचं बुकिंग आहे."

मामांनी किटली उचलली. "साखर किती घालू तुला?"

"इश्श, तुला माहीत नाही होय?" बहीण हसली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना तिने सही केली. मी तेव्हा टेबलाखाली होतो.

त्या कराराच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, की तीन दिवसांत लेखी कळवलं तर पैसे परत मिळतील. मामांना हे ठाऊक होतं. झाडताना सापडलेले कागद ते वाचूनच टाकतात. आणि खास वर्गही बरोबर तीन दिवसांचाच असतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मुदत संपेपर्यंत माणूस इथे बसून टाळ्या वाजवत असतो. यांच्या अकलेची मला चीड येते. शिकवतात काय? ओळखीपाळखीच्यांकडून उसने कसे मागावेत, आणि याहून महाग असा पुढचा वर्ग का घ्यावा.

पहिल्या दिवशी मामा कप पुसताना पुटपुटले, "घरी जाताना सांगतो तिला." सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार होतं, की दर महिन्याला घड्याळ ते स्वतःच उतरवतात. दुसऱ्या दिवशी बहीण वही दाखवायला आली. "पानंच्या पानं भरली, दादा. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच कशात तरी डोकं लागलं." मामांनी वही चाळली आणि परत दिली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोरा कागद आणि पेन खिशात आणलं होतं. साडेपाचला ते पडद्यापर्यंत गेले. आत टाळ्या चालू होत्या. परत आले आणि कपबशा विसळत बसले. सहा वाजलेले टेबलाखालच्या माझ्याशिवाय कुणी पाहिले नाहीत.

आता मी भिंतीवर आहे, पुढच्या शिबिरापर्यंत. तुम्ही कधी अशा हॉलमध्ये गेलात आणि समोरच्या भिंतीवर नुसता खिळा दिसला, तर खुर्चीवर टेकू नका. घड्याळ कुठे आहे, ते आधी विचारा. मोठ्याने विचारा, शेजारच्यालाही ऐकू जाऊ दे.

बहिणीचा फोन येतो. "सर फोनच उचलत नाहीत रे, तू जरा विचारून बघशील?" मामा म्हणतात, "बघतो."

त्यांनी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.