पाचवा ‘का’

जयश्री कंट्रोलर झाली तेव्हा डोळखांबच्या तिच्या पाड्यावर पेढे वाटले गेले. कंट्रोलर म्हणजे नेमकं कोण, हे पेढे खाणाऱ्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. तिचा थोरला भाऊ नथूदादा आमच्याच मुरबाडच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. तो सांगत सुटला, “आता पैशाला पन तिला इचारल्याबिगर हलता यायचं नाय!”

मी भावना. त्याच कारखान्यात पगार काढते, जयश्रीच्या शेजारच्या टेबलावर. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, म्हणून हे मीच सांगते.

कंपनीने तिला मुंबईच्या मोठ्या हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे जेवायला काय होतं ते तिला आठवेना, पण एक गोष्ट ती गाठीला बांधून आली. ठरवलेला आकडा आणि झालेला आकडा यांत फरक पडला, की त्याला पाच वेळा ‘का’ विचारायचं. मग खरं कारण सापडतं म्हणे. त्या दिवसापासून चहा गार आला तरी ती ‘का’ विचारायची. आम्ही चिडवायचो, ती हसायची.

मग हेड ऑफिसचा मेल आला. मुरबाडचा कारखाना तोट्यात आहे, बंद करण्याचा विचार चालू आहे, कंट्रोलरने विश्लेषण पाठवावं. त्या दुपारी कॅन्टीनमधली ताटं भरलेलीच परत गेली. माझ्या घरात माझ्या एकटीचाच पगार येतो. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

जयश्री रडली नाही, कामाला लागली. आधी तिने मुंबईचा खर्च वेगळा काढला. तिथल्या ऑफिसचं भाडं, साहेबांच्या गाड्या, सगळ्याचा वाटा प्रत्येक कारखान्यावर मशीनच्या संख्येप्रमाणे पाडत होते, आणि जुनाट मशीन सगळ्यात जास्त आमच्याकडे. खाणारे ते आणि बिल आमच्या नावावर! तो वाटा बाजूला ठेवला तर कारखाना चांगला कमावत होता. भोक उरलं ते फक्त जुलै-ऑगस्टचं. त्या दिवसांत माल उशिरा जायचा, गिऱ्हाईक दंड लावायचं, उरलेला माल विमानाने धाडावा लागायचा.

माल उशिरा का? मशीन उभी म्हणून. मशीन उभी का? माणसं नाहीत म्हणून. माणसं का नाहीत? त्यासाठी तिने नथूदादालाच कॅन्टीनमध्ये बसवलं.

“अगो, भाताची आवणी नाय का? रोपा लावायची नाय का?” तो म्हणाला. “तुला काय हे नवीन हाय?”

“मला ठाऊक आहे, दादा. पण तू सांग, मला लिहायचंय. सगळे एकदमच का जाता? आळीपाळीने का नाही?”

“आळीपाळीनं कसा जमेल? आज आख्खा पाडा माझे शेतात, उद्या धर्माकाकाचे. जो दुसऱ्याचे शेतात नाय गेला, त्याचे शेतात कोन नाय येत. पयल्या साहेबाला ठाव होता ते. तो आवणीतच मशीनी खोलायचा, साफ करून घ्यायचा. ना त्याची खोटी, ना आमची.”

ते पहिले साहेब रिटायर झाले. त्यांची ही रीत कागदावर कधी आलीच नव्हती. नव्या साहेबांनी हेड ऑफिसच्या हुकमाने मशीनची दुरुस्ती डिसेंबरात नेली, कारण कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत ती डिसेंबरात होते. झालं!

जयश्रीने उपाय लिहिला: दुरुस्ती परत आवणीत आणा. खर्च काहीच नाही. मी तिला मिठीच मारली. पण तिने सोबत एक तक्ता जोडला, कुठल्या गावची माणसं कधी गैरहजर असतात याचा. डोळखांबहून माणसं आणणारी कंपनीची बस त्यात सगळ्यात वर होती.

“गावांची नावं कशाला?” मी विचारलं.

“पुरावा लागतो, भावना. नाहीतर म्हणतील, बाई गावची आहे, गावचीच बाजू घेते.”

मीटिंग पडद्यावर झाली. मुंबईहून निशिगंधा मॅडम होत्या, कंपनीच्या सगळ्या पैशांच्या प्रमुख. आमच्या खोलीत आम्ही सगळे पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसलो होतो.

“फारच सुंदर विश्लेषण,” मॅडम म्हणाल्या. “कारखान्यात दोष नाहीच. बंद करायचं काही कारण नाही.” मी टेबलाखालून जयश्रीचा हात दाबला. “पण जयश्री, तू चारच वेळा ‘का’ विचारलंस. पाचवा राहिला. शेती असलेलीच माणसं आपण का ठेवली आहेत?”

जयश्रीने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. “मॅडम, दुरुस्तीची तारीख बदलली तर...”

“तारीख सगळीकडे एकच राहील. गावं तुझ्या तक्त्यात आहेतच. छान काम केलंस.”

डोळखांबची बस बंद झाली. तिथल्या माणसांकडून, नथूदादाकडूनही, स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांवर सह्या घेतल्या. त्यात स्वेच्छा कुणाची होती, ते मला विचारू नका. ते हिशेब मीच केलेत. बाहेरून ठेकेदाराची पोरं आली. त्यांची शेतं असली तरी आवणीला जाऊन येण्याइतकी जवळ नव्हती. जयश्री मॅडमशी भांडली, राजीनामा लिहिला. नथूदादानेच तो फाडला. “एकाचा तरी पगार घरात येऊं दे,” म्हणाला. वर्षअखेर तिला हेड ऑफिसने उत्तम विश्लेषणाचं काचेचं सन्मानचिन्ह दिलं.

पुढच्या जुलैत तिने रजा मागितली. कारण लिहिलं: आवणी. अर्ज नामंजूर झाला. मग रविवारी मी तिच्याबरोबर पाड्यावर गेले.

यंदा सगळी माणसं घरीच होती. धर्माकाकाच्या शेतात ओळच्या ओळ वाकलेली. नथूदादाच्या शेतात मात्र तो आणि वहिनी, दोघंच. गेले कित्येक दिवस तो प्रत्येकाच्या शेतात राबून आला होता. त्याला कुणी नको म्हटलं नाही. त्याच्याकडे कुणी आलंही नाही. उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर पिवळ्या पडत होत्या.

जयश्री बांधावर उभी राहिली. “धर्माकाका, आज आमची पाळी ना?”

म्हातारा कंबर सरळ करायलाही थांबला नाही. “तू कंपनी वाचवलीस ना गो? मंग कंपनीला बोलव आवणीला.”

ओळीतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

जयश्रीने ओढणी कमरेला बांधली, जुडी उचलली आणि चिखलात उतरली. तिच्या मागून मीही उतरले. मी मुरबाडच्या बाजारपेठेतली. मला आवणी कुठली येणार! मी लावलेली रोपं सुटून पाण्यावर तरंगायला लागली. नथूदादा माझ्या मागून येत होता आणि एकेक रोप पुन्हा रोवत होता.