सैल सांधे

थंडी पडली तसं सुनेचं डोकं दुखायला लागलं. दिवसभर लाँड्रीत इस्त्रीवर उभं राहायचं, घरी आलं की अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करायचं. नवरा बोटीवर कामाला. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. अशात डोकं दुखणारच, असं ती धरून चालली. पण लाँड्रीत गेलं की ते उतरायचं आणि घरी परतलं की पुन्हा चढायचं. आपल्याला या घराचाच वीट आलाय की काय, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटायची.

शेगडीच्या उबेत पडून सासूही गुंगीत असायची. घास तोंडातच राहायचा. शेजारणीकडून हे नणंदेच्या कानावर गेलं. आईला झोपेच्या गोळ्या देऊन निजवत असशील तर सरळ सांग, असं ती फोनवर म्हणाली. सुनेने फोन ठेवून दिला. भांडायलाही अंगात जोर लागतो.

मग नणंद स्वतःच राहायला आली. तिने औषधांच्या बाटल्या हुंगून पाहिल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं. आईला गारठा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या आणि खोलीतल्या त्या लोखंडी शेगडीत लाकडं ठासली. सकाळी ती भिंत धरतच उठली आणि मोरीत जाऊन ओकली.

"वहिनी, तुझंही डोकं असंच दुखतं?"

"रोज."

"आणि बाहेर पडलीस की?"

"थांबतं," सून म्हणाली, आणि मग तिची नजर शेगडीच्या धुराच्या नळावर गेली.

दोघींनी खिडक्या उघडल्या, सासूला पांघरुणासकट उचलून शेजारी नेलं. धुरातला विषारी वायू घरात साठत होता, नशीब म्हणून वाचलात, असं तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यात नवऱ्याने नळ उतरवून साफ केला होता. परत लावताना त्याने तुकडे उलटे बसवले आणि सांधे न लिंपता सैलच सोडले. वर धुराडंही काजळीने निम्मं बुजलेलं होतं. ते एका माणसाला बोलावून साफ करून घेतलं.

नळ मात्र दोघींनीच बसवला. सामान देताना दुकानदाराने समजावलं होतं तसं प्रत्येक तुकड्याचं निमुळतं तोंड खाली घेतलं, स्क्रू आवळले, सांध्यांवर आचेने न तडकणारा भट्टीचा लेप बोटांनी दाबून भरला. लेप वाळल्यावर आधी लहानच जाळ केला. नणंदेने प्रत्येक सांध्यापाशी पेटती मेणबत्ती धरली. ज्योत कुठेच हलली नाही, म्हणजे फट राहिली नव्हती.

"गोळ्यांचं बोलले ते..." असं म्हणून ती थांबली.

"राहू दे, ताई."

घरी परत आणल्यावर सासू पुरती शुद्धीवर आली ती कुरकुर करतच. चहा गार आहे म्हणाली. सुनेचं डोकं दुखायचं थांबलं होतं, पण कप उचलून ती निघाली आणि तिथेच जमिनीवर बसली.

"अजून दुखतंय?" नणंदेने घाबरून विचारलं.

"नाही. हा वायू नाही, ताई. मी दमलेय."

नणंदेने तिच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला. मग तिने पर्समधून आपल्या घराची किल्ली काढून सुनेच्या हातात दिली.

"आईचं मी बघते. तू माझ्याकडे जा आणि झोप. फोन उचलू नकोस, माझासुद्धा."

सून गेली. नणंदेच्या पलंगावर चप्पल काढायच्या आधीच तिला झोप लागली.