नाल्याकडचं गेट

बर्फाच्या कारखान्यात भरदुपारी अमोनिया गळू लागला. पोलीस कंट्रोल रूममधल्या बाईंनी कामगारांना दोन नंबरच्या गेटबाहेर थांबवलं आणि अग्निशमन दलाला फोनवर तसं कळवलं. त्या कामगारांत बाईंची धाकटी जाऊही होती.

"बरं झालं," तिकडचा ऑपरेटर म्हणाला. "मग आम्ही तीन नंबरचं गेट उघडून वायू नाल्याकडे सोडतो."

बाईंनी समोरच्या नकाशावर बोट ठेवलं. "नाल्याकडचं गेट तर दोन नंबरचं आहे!"

"आमच्या नकाशात त्याच गेटला तीन नंबर आहे."

"अहो, थांबवा तुमच्या माणसांना! सगळे तिथंच उभे आहेत!"

दोन्ही खात्यांचे वायरलेस वेगळे. तो आपल्या जवानांना हाका मारत होता आणि बाई गेटवरच्या हवालदाराला ओरडून सांगत होत्या, "पळव सगळ्यांना, मोठ्या रस्त्याकडे पळव!" जवानांकडून उत्तर येईना. जावेला दमा होता.

अखेर फोनवर ऑपरेटरचा आवाज आला. "थांबले, बाई. कडी काढली होती, गेट उघडलं नव्हतं."

बाईंना रडू फुटलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता फोन ठेवू नका. तुमच्या नकाशात एक नंबर कुठंय, तिथपासून सांगा."